न कुजलेली पानं

सुकापूर, नवीन पनवेल
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आयत बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझी अम्मी म्हणते, मामूला फोन करण्यात अर्थ नाही, 'हॅलो' म्हटलं की 'कोण गेलं?' विचारतो. खरंच आहे. कुवेतच्या पाण्याच्या प्लांटवर पंपांशेजारी उभं राहून नोकरी केली, कान तिथेच ठेवून आलो. मेसेज टाइप करायला बोटं जाड, आणि चार ओळींत मावेल असं माझं बोलणं कधीच नव्हतं. म्हणून हे पत्र, बेंगळुरूला, तुझ्या लॅबच्या पत्त्यावर.

खबर अशी की आपलं चिंचतळं साफ झालं!

आमच्या सोसायटीच्या मागचं ते तळं तुला आठवत असेल. लहानपणी तू त्याला 'पालकाची भाजी' म्हणायचीस. उन्हाळ्यात असा वास सुटायचा की फरिदा खिडक्या उघडू द्यायची नाही. रिटायर होऊन आलो तेव्हा लोक म्हणाले, मामू, तुम्ही पाण्यातले माणूस, तळ्याच्या समितीचे अध्यक्ष व्हा. झालो. गाळ काढला. सांडपाण्याचे पाइप तळ्यात सोडले होते, ते बंद करवण्यासाठी चपला झिजवल्या. तरी पाणी हिरवं ते हिरवंच.

मग आमच्या समितीतल्या सत्यजीतने एक पावडर शोधून काढली. पोरगा तळोज्याला कारखान्यात सुपरवायझर आहे, हुशार आहे. पाण्यात कालवून होडीतून सगळीकडे सोडली, आणि बेटा, आठवड्याभरात तळाचे दगड दिसायला लागले! काठावर वाकून पाहिलं तर माझ्या दाढीचा एकेक केस दिसला. इथे मासे सोडते ती वेणू म्हणाली, "मामू, पानी कुठं हाय, ह्यो तर आरसा हाय!"

कुवेतला मी समुद्राचं पाणी गोडं करत होतो, पण ते साहेबांचं काम. हे माझं आहे. रोज फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर काठावर जाऊन उभा राहतो आणि उगाच छाती फुगते.

ड्रमवर नाव होतं 'लँथेनम क्लोराईड'. तुझी अम्मी म्हणाली, तूही पाण्यातल्या जंतूंवर कसल्याशा धातूंचा अभ्यास करतेस. हे त्यातलंच का?

दुआगो,
महमूद मामू

*

बेंगळुरू
२ डिसेंबर २०२४

प्रिय मामू,

वालेकुम सलाम.

लॅबमध्ये हाताने लिहिलेलं पाकीट आलं म्हणून सगळे गोळा झाले. मला तुमचं अक्षर दाखवून मिरवायला मिळालं.

ते पाइप बंद करवण्यासाठी तुम्ही किती ठिकाणी बसून राहिलात, ते अम्मीकडून मला कळत होतं. दुसरा कुणी कधीच कंटाळला असता.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, योगायोग बघा, लँथेनम हाच माझा पीएच.डी.चा विषय. 'दुर्मीळ मृदा धातू' नावाचं सतरा जणांचं एक कुटुंब आहे, त्यातला हा एक. मोबाइलच्या स्पीकरमधलं लोहचुंबक, चष्म्याची काच घासायची पावडर, अशा पुष्कळ वस्तूंत हे कुटुंब असतं आणि तिथून हळूहळू पाण्यात उतरतं. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचं त्यामुळे काय होतं, ते मी बघते. शेवाळाला वाढायला फॉस्फरस लागतो. लँथेनम तो पकडून तळाशी बसवतो. म्हणून पाणी निवळलं. एवढ्यापुरतं सत्यजीतदादाचं बरोबर आहे.

मला थोडं विचारायचं होतं. पावडर विशिष्ट मातीत बांधलेली होती, की नुसती मिठासारखी? साधारण किती टाकली? आणि मासे कसे आहेत? आणखी टाकायचा विचार असेल तर जरा थांबाल का?

मामीला सलाम.

तुमची,
आयत

*

सुकापूर
२० डिसेंबर २०२४

प्रिय आयत बेटा,

तुझं पत्र मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं, म्हणजे मधला भाग. सत्यजीतने टेबलावर हात आपटला. "मामू, घरात सायंटिस्ट असून आपण बाहेर विचारत फिरत होतो?"

आता ऐक. २६ जानेवारीला तळ्याच्या काठावर मोठा कार्यक्रम आहे. त्याची पत्रकं छापून आली. त्यावर तुझं नाव आहे! 'पनवेलच्या कन्या डॉ. आयत यांचे संशोधन याच औषधावर.' डॉक्टर व्हायला अजून वर्ष आहे हे मला माहीत आहे, पण माझ्या लेखी तू झालीसच. बाजारात, मशिदीबाहेर, वाण्याकडे, जो भेटेल त्याच्या हातात पत्रक ठेवतो. आपल्या खानदानात बोटीवर गेले, आखातात गेले, दुकानं टाकली. कागदावर असं नाव कुणाचं छापलं नव्हतं.

दुसरी खुशखबर. नेऱ्याहून काशिराम म्हणून शेतकरी आला होता, तिथल्या पाणी समितीचा. आमचं तळं बघून चाटच पडला. नेऱ्याच्या दोन्ही तळ्यांत हीच पावडर टाकायची ठरते आहे. तिथली गुरं तेच पाणी पितात, शेजारच्या विहिरींना पाझरही त्याचाच. मार्चमध्ये सभा घेऊन पक्कं करतील. मला बोलायला बोलावलंय.

तुझे प्रश्न: पावडर पांढरी, मिठासारखी. दोनदा टाकली. पहिल्यांदा गुण आला म्हणून दुसऱ्यांदा जास्त. मासे म्हणशील तर थंडीत ते खालीच बसतात.

मामू

*

बेंगळुरू
३ जानेवारी २०२५

प्रिय मामू,

अम्मीने पत्रकाचा फोटो पाठवला. माझं नाव काढा. आजच काढा.

मागच्या पत्रात मी जपून लिहिलं. तुमचा आनंद मोडायचा माझा जीव होईना. तुम्ही त्यातून उलटाच अर्थ काढलात. आता सरळ लिहिते. मी या धातूचा अभ्यास करते तो औषध म्हणून नाही. तो सूक्ष्मजीवांना विषारी ठरतो, म्हणून करते.

तळं म्हणजे एक मोठी खानावळ समजा. पडलेलं पान, गुरांचं शेण, मेलेला मासा, हे सगळं खाऊन पचवणारे सूक्ष्मजीव असतात. त्यांना बारीक किडे खातात, किड्यांना माशांची पिल्लं. माझ्या काचेच्या टाक्यांत लँथेनम जास्त झाला की हे पचवणारेच आधी जातात. पाणी मात्र सुंदर दिसतं. दिसणारच, त्यात कुणी राहत नसतं.

तुमच्या तळ्यात डोंगरावरचं पावसाचं पाणी येतं. ते मऊ, क्षार कमी. जड पाण्यात हा धातू लवकर बांधला जातो, मऊ पाण्यात मोकळा फिरतो. त्यात तुम्ही टाकलेली पावडर मातीत बांधलेली नव्हती, आणि तीही दोनदा.

पण हे सगळं माझ्या टाक्यांतलं आहे. चिंचतळ्यात काय झालंय ते मला इथे बसून सांगता येणार नाही. सांगितलं तर ती थाप होईल. ते तुम्ही तपासा. तुम्ही जन्मभर पाणी तपासलंत.

कसं ते सांगते. देशी बदामाची गळलेली, वाळलेली पानं घ्या. सारख्या वजनाचे वाटे करून जाळीच्या पिशव्यांत भरा. दगड बांधून काही पिशव्या चिंचतळ्यात सोडा आणि काही नेऱ्याच्या एका तळ्यात, जिथे अजून काही टाकलेलं नाही. खोली सारखी ठेवा. दीड महिन्याने काढा, धुऊन वाळवा, पुन्हा वजन करा. पाण्यात पचवणारे जिवंत असतील तर पानं राहणार नाहीत.

मामू, तुम्ही रागवाल. पण नेऱ्याची गुरं आणि विहिरी मधे आहेत. गप्प बसले तर माझं शिक्षण कशाला?

आयत

*

सुकापूर
२७ जानेवारी २०२५

आयत,

मी फरिदा मामी. मी कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे चुका काढू नकोस. तुझ्या मामूने तुला उत्तर धाडलेलं नाही, म्हणून मी लिहितेय.

तुझं पत्र वाचलं त्या दिवसापासून जेवायला बसला की ताटाकडे बघत राही. मी म्हटलं, भाचीने वाईट काय लिहिलंय? तर म्हणाला, "वाईट लिहिलं असतं तर फाडून टाकलं असतं. बरोबर लिहिलंय, तेच गळ्याखाली उतरत नाही."

तो तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मासे डिसेंबरातच वर यायला लागले होते. आधी पिल्लं, मग बोटाएवढे. वेणू एका संध्याकाळी मागच्या दारी आली, पदराखाली टोपली. म्हणाली, "भाबी, मासं मरतान. पन मामूला सांगू नका, त्यांना लय वाईट वाटंल." नुकसान तिचं, आणि काळजी ह्याची! मी सांगितलंच. तर म्हणाला, थंडी आहे, दुसरं काही नाही. पण त्यानंतर तो फजरनंतर तळ्यावर जाईनासा झाला. यावरून काय ते समज.

मग एके सकाळी येऊन विचारलं, "तुझ्या कांद्याच्या जाळीच्या पिशव्या कुठे आहेत?" मी समजले. सगळ्या पिशव्या घेऊन गेला, वर माझा स्वयंपाकाचा काटाही. शेवटी तोही नको म्हणाला. सोनाराकडे जाऊन बदामाची पानं तोळ्याच्या काट्यावर तोलून आणली. सोनार हसत होता, हा तोलत होता. रिक्षा करून नेऱ्याला गेला, काशिरामला घेऊन पिशव्या सोडून आला. प्लांटवर जायचा तेव्हाचा चेहरा पुन्हा आला होता.

काल कार्यक्रम झाला. मांडव, हार, भाषणं. ह्याला माइक दिला. मला वाटलं, आता हा काय बोलतो! म्हणाला, "पत्रकात माझ्या भाचीचं नाव छापलंय. ते माझ्या चुकीने छापलं. तिने या पावडरीला होकार दिलेला नाही. ते नाव सगळ्यांनी खोडा. आणि तपासणी पुरी होईपर्यंत या तळ्यात आणखी काही पडणार नाही." आणि खाली बसला. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

सत्यजीत मागून आला, लालबुंद. "मामू, ऐन वेळी नाक कापलंत."

ह्याने कान पुढे केला, मी मोठ्याने परत सांगितलं. तर म्हणाला, "नाक माझंच होतं."

आयत, लग्नाला चाळीस वर्षं होत आली. कुवेतहून सोनं आणलं, टीव्ही आणला, तेव्हाही मला एवढं भरून आलं नव्हतं.

तुझी मामी

*

सुकापूर
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय आयत बेटा,

उशीर झाला. हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

या आठवड्यात पिशव्या काढल्या. आधी नेऱ्याच्या. आत हात घातला तर बोटांना गिळगिळीत जाळी लागली. पान उरलंच नव्हतं, नुसत्या शिरा, आणि त्यांना चिकटलेल्या बारीक अळ्या. काशिराम म्हणाला, "ह्यात काय बगायचं? पानी हाय, पान कुजनारच." मी म्हटलं, हेच बघायला आलोय.

दुसऱ्या दिवशी चिंचतळ्याच्या. वेणू सोबत होती. पहिली पिशवी वर घेतली आणि मला वजन करायची गरजच उरली नाही. पानं जशी सोडली होती तशी. रंग तेवढा उतरला होता. फाडायला जोर लावावा लागला. दुसरी पिशवी तशीच, तिसरीही तशीच. वास नाही, अळी नाही, बुळबुळ नाही.

वेणूने विचारलं, "मामू, कुजलं नाय, मंजे चांगलंच ना?"

मी म्हटलं, "नाही वेणू. इथे पान खाणारंच कुणी उरलं नाही. मग किडे कुठून, आणि तुझी पिल्लं काय खाणार? हे आमच्या पावडरीने झालं."

तिने एक पान उचलून फाडून पाहिलं. मला वाटलं आता शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर त्या माझ्या हक्काच्याच होत्या. म्हणाली, "तुमी सांगितलंत ते बरं केलंत. मी आपली माज्या नशिबाला बोल लावत व्हते. आता नेऱ्यावाल्यांना पन सांगा."

मग ती गेली आणि मी तिथेच बसलो. पान कुजलं नाही म्हणून रडणारा मी पहिलाच माणूस असेन.

पानं आणि दोन्ही ठिकाणचं पाणी कुरियरने पाठवतोय. बाटल्या त्या-त्या पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून, बर्फात ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर जागा, खोली, तारीख, सगळं आहे. आमच्या प्लांटचे साहेब बाटलीत हवेचा बुडबुडा दिसला की परत पाठवायचे. तू बुडबुडा शोधून दाखव.

नेऱ्याची सभा २३ मार्चला आहे. पावडर विकणाऱ्याने ड्रम आधीच तिथे पोचवले आहेत.

मामू

*

बेंगळुरू
१० मार्च २०२५

प्रिय मामू,

रमजान मुबारक.

बुडबुडा सापडला नाही. आमच्या गाइड रेवा मॅडमनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि विचारलं, "हे सॅम्पल कोणी घेतलंय? आपल्या विद्यार्थ्यांना यांच्याकडे पाठवायला हवं." मी म्हटलं, माझ्या मामूंनी. हे म्हणताना माझा आवाज जरा चढलाच.

निकाल असा. ज्या प्रमाणाला माझ्या टाक्यांतले सूक्ष्मजीव काम थांबवतात, त्याच्या कितीतरी वर चिंचतळ्यातला मोकळा लँथेनम आहे. नेऱ्याच्या पाण्यात तो जवळपास नाहीच. पानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. नेऱ्याच्या शिरांवर अक्षरशः जत्रा भरलेली. तुमच्या पानांवर तुरळक.

सभेत हेही सांगा की हे एका तळ्याचं आणि एका हंगामाचं मोजमाप आहे. मोजली नाही ती गोष्ट छातीठोकपणे सांगू नका. जे मोजलं तेवढंच पुरेसं आहे.

चिंचतळ्याला झटपट उतारा नाही. टाकायचं थांबवा, पावसाचं पाणी येऊ-जाऊ द्या. जिवंत तळ्यातला थोडा गाळ तिथे सोडता येईल का, ते मी शोधतेय. वेळ लागेल. शेवाळही परत येईल कदाचित. आणि वेणूताईंना सांगा, या वर्षी पिल्लं सोडू नका, फुकट जातील.

२३ला मला यायचं होतं, पण दुसऱ्याच दिवशी सकाळी इथे माझं सादरीकरण आहे. तुम्ही एकटे. प्रश्न ऐकू आले नाहीत तर?

आयत

*

सुकापूर
२४ मार्च २०२५

प्रिय आयत बेटा,

एकटा कशाला? फरिदा होती उजव्या कानाशी. जो प्रश्न यायचा तो ती माझ्या कानात ओरडायची, म्हणजे सभेला प्रत्येक प्रश्न दोनदा ऐकू यायचा.

नेऱ्याच्या शाळेच्या पटांगणात दुपारी सभा. माझा रोजा, वर ऊन. मी दोन ताटं नेली होती, एकात नेऱ्याची पानं, एकात आमची. म्हटलं, भाषण नंतर, आधी हात लावा. ताटं फिरली. म्हाताऱ्या बायांनी पानं नाकाशी धरली, पोरांनी उजेडात धरली. कुजबुज सुरू झाली.

मागून एक जण उठला. "मामू, तुमचं तळं तर काचेसारखं आहे. तुम्ही वापरलंत, आणि आम्हाला नको म्हणता?"

मी म्हटलं, "काचेसारखं आहे म्हणूनच. काचेत मासा जगतो का? मी त्या तळ्याचा अध्यक्ष. पावडर माझ्या डोळ्यांसमोर पडली, मी टाळ्या वाजवल्या. आज त्या तळ्यात एक पान कुजत नाही. तुमची गुरं मला तिथे न्यायची नाहीत."

सत्यजीतही आला होता. उभा राहून म्हणाला, "उद्या शेवाळ परत आलं की लोक मामूंनाच शिव्या देतील." मी म्हटलं, देऊ देत, ऐकू कुणाला येतंय! सगळी सभा हसली, आणि तो पोरगाही थोडा हसला. त्याचा जीव त्या तळ्यात माझ्याइतकाच अडकला आहे, मला माहीत आहे. मग मी सगळ्यांदेखत सांगितलं की तुझ्या गाळाच्या प्रयोगाला मला जोडीदार लागेल. तो हो म्हणाला नाही. पण परत येताना आमची रिक्षा सोडून देऊन स्वतःच्या गाडीने घरी आणलं.

तू सांगितलंस तसं हेही सांगितलं की हे एकाच तळ्याचं मोजमाप आहे, याहून जास्त मी जाणत नाही. काशिराम म्हणाला, "जास्त जानत नाय म्हनतो त्यो मानूस पैल्यांदाच बगतोय. बाकी समदे गॅरंटी देतान." हात वर झाले. फरिदाने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ड्रम परत जाणार.

एक बाई विचारत होती, हे शोधलं कुणी? मी म्हटलं, माझ्या भाचीने. नाव विचारलं, मी सांगितलं. या वेळीही तुला विचारून नाही, पण या वेळी ते खरं होतं.

आवराआवर होईतो मगरीबची, रोजा सोडायची वेळ झाली. खजूर फरिदाच्या पिशवीत होते. काशिरामच्या घरून तांब्या आला, तळ्याशेजारच्या विहिरीचं पाणी. मी ते प्यालो. बेटा, इतक्या वर्षांत किती पाणी गोडं करून दिलं असेल मी लोकांना. इतकं गोड लागलं नव्हतं.

मामू

*

बेंगळुरू
२६ मार्च २०२५

प्रिय मामू,

हे पत्र आणि मी बहुतेक बरोबरच पोचू. ईदला येतेय, तिकीट मिळालं. तरी लिहिते, कारण हे तोंडाने सांगायला गेले तर मला बोलता येणार नाही आणि तुम्हाला ऐकू येणार नाही.

सभेचं सगळं अम्मीने त्याच रात्री फोनवर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं सादरीकरण झालं. शेवटी एका परीक्षकांनी विचारलं, हे सगळं काचेच्या टाकीत ठीक आहे, बाहेर कुणाला याचा उपयोग? मी त्यांना नेरे सांगितलं. आलेख नव्हता माझ्याकडे त्याचा. एका माणसाने आपल्याच तळ्याविरुद्ध उभं राहून दोन तळी वाचवली, एवढंच सांगितलं. रेवा मॅडमनी चष्मा काढून पुसला.

लहानपणी अम्मी तुमची ओळख करून द्यायची, 'कुवेतवाले मामू'. मी पण तेच सांगायचे सगळ्यांना. आता सांगते, 'पाणी तपासणारे मामू'.

ईद झाली की दुसऱ्या दिवशी चिंचतळ्यावर जायचं आहे. सत्यजीतदादालाही निरोप द्या, वेणूताईंनाही. गाळ कुठून घ्यायचा, किती खोल, किती अंतरावर सोडायचा, सगळं ठरवायचंय. मी यंत्रं आणि बाटल्या घेऊन येतेय. पण मापं तुम्ही घ्यायची, मामू. तुम्ही सांगाल तसं मी लिहून घेईन.

तुमची भाची,
आयत